सत्तरीपुढच्या ज्येष्ठांना ५ लाखांपर्यंत मोफत उपचार: वय वंदना कार्ड, महात्मा फुले योजना आणि इतर पर्याय नेमके काय आहेत?

रात्री अकरा वाजता वडिलांच्या छातीत दुखू लागतं. रिक्षा करून जवळच्या रुग्णालयात नेलं जातं. डॉक्टर सांगतात, अँजिओप्लास्टी करावी लागेल. आणि काउंटरवरून पहिला प्रश्न येतो, "मेडिक्लेम आहे का?"

बऱ्याच घरांत याचं उत्तर 'नाही' असं असतं. नोकरीत असताना कंपनीचा विमा होता, तो निवृत्तीबरोबर संपला. नंतर खासगी पॉलिसी घ्यायला गेलं, तर वयामुळे हप्ता परवडेना. मग दागिने गहाण ठेवायचे, एफडी मोडायची किंवा नातेवाईकांकडे हात पसरायचे, एवढेच मार्ग उरतात.

पण यातल्या कित्येक कुटुंबांना हे माहीतच नसतं की, त्यांच्या घरातली ज्येष्ठ माणसं एखाद्या सरकारी योजनेत आधीच बसतात. काहींनी कार्डाबद्दल व्हॉट्सॲपवर वाचलेलं असतं, पण ते नेमकं कुणाला मिळतं, कुठे चालतं आणि कशासाठी चालत नाही, हे कुणी सांगितलेलं नसतं.

तेच इथे सोप्या भाषेत समजून घेऊया.

आयुष्मान वय वंदना कार्ड म्हणजे काय?

आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी झारखंडमधल्या रांची इथून सुरू झाली. तेव्हा ही योजना फक्त गरीब आणि वंचित कुटुंबांसाठी होती. २०११ च्या सामाजिक, आर्थिक आणि जात सर्वेक्षणाच्या यादीवरून ही कुटुंबं ठरवण्यात आली होती. यादीत नाव नसेल, तर लाभ नाही, असा सरळ हिशोब होता.

११ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने यात मोठा बदल केला. ७० वर्षं किंवा त्याहून अधिक वयाच्या प्रत्येक नागरिकाला, उत्पन्न कितीही असलं तरी, या योजनेत घ्यायचं ठरलं. २९ ऑक्टोबर २०२४ पासून हा विस्तार लागू झाला. देशातल्या साधारण साडेचार कोटी कुटुंबांमधल्या ६ कोटी ज्येष्ठांना याचा लाभ मिळेल, असं तेव्हा सरकारने सांगितलं होतं.

या ज्येष्ठांना जे वेगळं कार्ड मिळतं, त्याचं नाव 'आयुष्मान वय वंदना कार्ड'.

म्हणजे निवृत्त शिक्षक असोत, बंगल्यात राहणारे व्यापारी असोत की शेतमजूर, वय ७० पूर्ण असेल आणि आधार कार्ड असेल, तर ते पात्र आहेत. उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

५ लाख रुपये प्रत्येकाला की कुटुंबाला?

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

वय वंदना कार्डाचं संरक्षण वर्षाला ५ लाख रुपयांचं आहे, पण ते माणशी नाही. एकाच कुटुंबात ७० च्या पुढचे दोघं असतील, तर ५ लाखांची रक्कम त्या दोघांत मिळून वापरायची असते.

समजा, एका घरात आजोबा ७६ वर्षांचे आणि आजी ७२ वर्षांच्या आहेत. आजोबांच्या उपचारांवर वर्षभरात २ लाख रुपये खर्च झाले, तर त्या वर्षासाठी दोघांना मिळून ३ लाख उरतात. पुढच्या वर्षी रक्कम पुन्हा ५ लाख होते. न वापरलेली रक्कम मात्र पुढे जमा होत नाही.

दुसरी गोष्ट. ज्या कुटुंबाचं नाव आधीपासून आयुष्मान भारतच्या यादीत आहे, त्यांना कुटुंबाचे ५ लाख मिळतातच. त्यावर घरातल्या सत्तरीपुढच्या माणसांसाठी आणखी ५ लाखांचं वेगळं संरक्षण मिळतं. हे वाढीव ५ लाख मुलगा, सून किंवा नातवंडांच्या उपचारांना वापरता येत नाहीत.

तिसरी गोष्ट. पती ७१ वर्षांचे आणि पत्नी ६६ वर्षांची असेल, तर वय वंदना कार्ड फक्त पतीला मिळतं. पत्नीचं काय, याचं उत्तर महाराष्ट्रात दुसऱ्या योजनेत आहे.

महात्मा फुले योजनेत ज्येष्ठांना काय मिळतं?

महाराष्ट्रात २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर लागू झाली आणि २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. १ एप्रिल २०२० पासून ही योजना आणि आयुष्मान भारत योजना राज्यात एकत्रितपणे राबवल्या जातात.

२०२३ च्या बदलांआधी प्रामुख्याने पिवळं आणि केशरी रेशन कार्ड असलेली कुटुंबं, अंत्योदय व अन्नपूर्णा योजनेतले लाभार्थी आणि शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांतले शुभ्र कार्डधारक शेतकरी यांना तिचा लाभ होता. संरक्षण दीड लाखाचं होतं.

२८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने दोन बदल केले. संरक्षण दीड लाखावरून ५ लाख रुपये झालं आणि शुभ्र रेशन कार्ड असलेल्यांसह राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी योजना खुली झाली. मूत्रपिंड प्रत्यारोपणाची मर्यादाही अडीच लाखांवरून साडेचार लाख झाली. वाढीव लाभांची अंमलबजावणी जुलै २०२४ पासून सुरू झाली.

या योजनेत वयाची अट नाही. म्हणून ६० ते ७० या वयोगटातल्या लोकांसाठी, ज्यांना वय वंदना कार्ड अजून मिळू शकत नाही, ही योजना फार महत्त्वाची आहे. वरच्या उदाहरणातल्या ६६ वर्षांच्या पत्नीला तिच्या रेशन कार्डावर या योजनेतून उपचार घेता येतात.

यातले ५ लाख मात्र सगळ्या कुटुंबाचे असतात. रेशन कार्डावर नाव असलेल्या कुणाचाही उपचार झाला, तरी खर्च त्याच रकमेतून वजा होतो.

ज्येष्ठांच्या बाबतीत एक अडचण नेहमी येते. आई-वडिलांचं नाव गावाकडच्या रेशन कार्डावर असतं आणि ते राहायला मुलाकडे पुण्या-मुंबईत असतात. किंवा मुलाने वेगळं कार्ड काढताना आई-वडिलांचं नाव कुठल्याच कार्डावर राहिलेलं नसतं. अशा वेळी रुग्णालयात धावपळ होते. त्यामुळे आई-वडिलांचं नाव नेमकं कुठल्या कार्डावर आहे आणि ते आधारवरच्या नावाशी जुळतं का, हे आजच तपासलेलं बरं.

कोणते उपचार मिळतात?

दोन्ही योजना रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहेत. ज्येष्ठांना लागणाऱ्या उपचारांपैकी अँजिओप्लास्टी, पेसमेकर बसवणं, डायलिसिस, पक्षाघातावरचे उपचार, कर्करोगावरच्या शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी, गुडघा आणि खुब्याचा सांधा बदलणं असे बरेच उपचार आयुष्मान योजनेच्या यादीत आहेत.

खासगी विम्यापेक्षा इथे एक मोठा फायदा आहे. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार असे आधीपासूनचे आजार पहिल्या दिवसापासून चालतात. खासगी पॉलिसीत अशा आजारांसाठी कमाल तीन वर्षं थांबावं लागू शकतं. सरकारी योजनेत थांबण्याचा काळ नाही, हप्ता नाही आणि वैद्यकीय तपासणीची अटही नाही.

आयुष्मान योजनेत दाखल होण्याआधीच्या ३ दिवसांच्या तपासण्या व औषधं आणि घरी सोडल्यानंतरच्या १५ दिवसांची औषधं पॅकेजमध्ये धरलेली असतात. रुग्णालयातलं जेवण, खाट, डॉक्टरांची फी, इम्प्लांट हेही त्यातच येतं.

कोणते उपचार मिळत नाहीत?

कार्ड काढल्यावर अनेकांची निराशा याच मुद्द्यावर होते.

ओपीडीचा खर्च, म्हणजे दवाखान्यात दाखवून घरी येणं, या योजनांत बसत नाही. रोजच्या रक्तदाबाच्या गोळ्या, इन्सुलिन, दर तीन महिन्यांच्या रक्ततपासण्या, डॉक्टरांची तपासणी फी हे सगळं खिशातूनच भरावं लागतं. फक्त तपासण्या करून घेण्यासाठी दाखल होणंही चालत नाही.

चष्मा, कानाचं यंत्र, दातांची कवळी, घरी ठेवलेली नर्स किंवा आया यांचा खर्चही मिळत नाही. वृद्धापकाळातला बराचसा खर्च याच गोष्टींवर होतो, हे लक्षात ठेवून वेगळी तजवीज करावी लागते. चष्मा, श्रवणयंत्र, काठी, व्हीलचेअर अशा साधनांसाठी महाराष्ट्रात २०२४ पासून मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे. त्यात ६५ वर्षांपुढच्या आणि वर्षाला २ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांना एकदाच ३ हजार रुपये मिळतात. रोजची औषधं जन औषधी केंद्रातून जेनेरिक स्वरूपात घेतली, तर खर्च बराच कमी होतो.

आणखी एक गोष्ट. काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव असतात. ते खासगी रुग्णालयात योजनेतून करता येत नाहीत. त्यामुळे यादीत उपचाराचं नाव दिसलं, म्हणजे तो कुठेही मोफत होईल, असं नाही.

कार्ड कसं काढायचं?

वय वंदना कार्डासाठी आधार कार्ड पुरेसं आहे. वयही आधारवरच्या नोंदीप्रमाणेच धरलं जातं. आधारवर जन्मवर्ष चुकलेलं असेल, तर आधी तिथे दुरुस्ती करून घ्यावी लागते.

कार्ड काढण्याचे मार्ग असे आहेत:

- मोबाइलवर 'आयुष्मान' ॲप घेऊन घरातल्या कुणीही नोंदणी करून देता येते.
- राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाच्या लाभार्थी पोर्टलवरून नोंदणी करता येते.
- जवळच्या सीएससी केंद्रात किंवा योजनेतल्या रुग्णालयात जाऊन कार्ड काढता येतं. गावात आशा सेविकेकडे चौकशी करता येते.
- माहितीसाठी १४५५५ हा टोल फ्री क्रमांक आहे.

नोंदणी करताना आधारची ई-केवायसी होते. वयामुळे बोटांचे ठसे पुसट झालेले असतात आणि मशीन ते घेत नाही, हा अनुभव बऱ्याच ज्येष्ठांना येतो. अशा वेळी आधारशी जोडलेल्या मोबाइलवरचा ओटीपी किंवा चेहऱ्याची पडताळणी हे पर्याय वापरता येतात.

ज्यांचं आयुष्मान कार्ड आधीपासून आहे, त्यांनीही सत्तरीनंतर नव्याने नोंदणी करून ई-केवायसी करावी लागते. तरच वाढीव ५ लाख मिळतात.

महात्मा फुले योजनेसाठी रेशन कार्ड आणि फोटो असलेलं ओळखपत्र लागतं. रेशन कार्ड नसेल, तर अधिवास प्रमाणपत्र म्हणजे डोमिसाईल चालतं.

रुग्णालयात गेल्यावर काय करायचं?

आधी रुग्णालय योजनेत आहे का ते बघायचं. सरकारी भाषेत अशा रुग्णालयांना 'अंगीकृत रुग्णालय' म्हणतात. रुग्णालय योजनेत असलं, तरी हव्या त्या विभागासाठी आहे का, हेही विचारायला हवं. एखादं रुग्णालय हाडांच्या शस्त्रक्रियांसाठी योजनेत असतं, पण हृदयरोगासाठी नसतं.

प्रत्येक अंगीकृत रुग्णालयात 'आरोग्यमित्र' नावाचा कर्मचारी बसतो. रुग्णाला दाखल करतानाच त्याला भेटून कागदपत्रं द्यायची. तो नोंदणी करतो, रुग्णालय उपचारासाठी पूर्वपरवानगी मागतं आणि ती मिळाली की उपचार कॅशलेस होतात. तातडीच्या वेळी आधी दाखल करून कागदपत्रं नंतर देण्याची सोय आहे, पण आरोग्यमित्राला लगेच कळवायला हवं.

एक चूक टाळायची. आधी पैसे भरून उपचार घ्यायचे आणि मग घरी येऊन योजनेकडे बिल पाठवायचं, असं इथे चालत नाही. हा खासगी मेडिक्लेमसारखा भरपाईचा व्यवहार नाही.

योजनेतल्या उपचारासाठी रुग्णालयाने पैसे किंवा डिपॉझिट मागितलं, बाहेरून औषधं आणायला लावली, तर पावती जपून ठेवायची आणि तक्रार करायची. महात्मा फुले योजनेचा क्रमांक १५५३८८ आहे आणि आयुष्मानचा १४५५५. पॅकेजचे दर कमी आहेत आणि पैसे उशिरा मिळतात, अशी खासगी रुग्णालयांची तक्रार असते. त्यामुळे काही ठिकाणी 'या उपचारासाठी योजना चालत नाही' असं तोंडी सांगून रुग्णाला परत पाठवलं जातं. अशा वेळी नकाराचं कारण आरोग्यमित्राकडून समजून घ्यायचं आणि तिथूनच हेल्पलाइनला फोन लावायचा.

आधीच दुसरी योजना असेल तर?

*केंद्र सरकारचे निवृत्त कर्मचारी:* सीजीएचएसमध्ये ओपीडी आणि रोजची औषधंही मिळतात. निवृत्तांना दरवर्षी वर्गणी भरता येते किंवा दहा वर्षांची वर्गणी एकदम भरून आयुष्यभराचं कार्ड घेता येतं. सीजीएचएस, माजी सैनिकांची ईसीएचएस किंवा आयुष्मान सीएपीएफ यात असलेल्यांना सत्तरीनंतर दोन्ही योजना मिळत नाहीत, एक निवडावी लागते. ज्यांना दर महिन्याला औषधं लागतात, त्यांनी वय वंदना कार्डासाठी सीजीएचएस सोडण्याआधी पुन्हा विचार करायला हवा, कारण ओपीडीची सोय हातची जाईल.

*कारखान्यातून निवृत्त झालेले:* ईएसआयसीमध्ये असलेल्या आणि निवृत्तीआधी किमान पाच वर्षं विमाधारक राहिलेल्या कामगाराला वर्षाला फक्त १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी वैद्यकीय सेवा सुरू ठेवता येते. हे अनेक निवृत्त कामगारांना माहीतच नसतं. ईएसआयसी असलेल्यांना वय वंदना कार्डही घेता येतं.

*खासगी मेडिक्लेम असलेले:* त्यांनाही वय वंदना कार्ड मिळतं. कार्ड मिळालं म्हणून जुनी पॉलिसी लगेच बंद करू नये. घराजवळचं चांगलं रुग्णालय सरकारी योजनेत नसेल, तर तीच पॉलिसी कामाला येते. शिवाय एकदा बंद केलेली पॉलिसी त्या वयात पुन्हा घेणं महाग पडतं. ज्येष्ठांच्या पॉलिसीचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल, तर कंपनीला आधी विमा नियामक आयआरडीएआयशी सल्लामसलत करावी लागते, असा नियम २०२५ पासून आहे.

*गोव्यातले रहिवासी:* गोव्यात २०१६ पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. राज्यात किमान पाच वर्षं राहिलेल्या कुटुंबांना तिचा लाभ मिळतो. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला ४ लाखांचं संरक्षण आहे. सत्तरीपुढच्यांसाठी वय वंदना कार्ड वेगळं.

योजनेतून उपचार झालाच नाही तर?

महाराष्ट्रात आणखी एक दार ठोठावता येतं. धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी निम्म्या दरात राखून ठेवाव्या लागतात. निर्धन गटासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख ८० हजार आणि दुर्बल गटासाठी ३ लाख ६० हजार रुपये आहे. अनेक मोठी, नामवंत रुग्णालयं धर्मादाय आहेत. तिथल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटून या खाटांबद्दल विचारता येतं.

फसवणूक कशी ओळखायची?

कार्ड मोफत काढून मिळेल, असा मेसेज आणि खाली एक अनोळखी लिंक, हा प्रकार आता नेहमीचा झाला आहे. सरकार आयुष्मान कार्डासाठी फोन करून ओटीपी किंवा बँकेचा तपशील विचारत नाही. 'तुमचं कार्ड बंद होणार आहे' असं सांगून घाई करणारा फोन आला, तर तो ठेवून द्यायचा आणि १४५५५ वर स्वतः विचारायचं. आई-बाबांच्या मोबाइलवर असे मेसेज येत असतील, तर त्यांना हे समजावून सांगायला हवं, कारण ओटीपी त्यांच्याकडेच येतो.

आज काय करता येईल?

या योजनांचा खरा उपयोग आजारपणाआधी तयारी केली तरच होतो. त्यासाठी पाच गोष्टी पुरेशा आहेत:

१. आई-वडिलांच्या आधारवरचं नाव, जन्मतारीख आणि मोबाइल नंबर बरोबर आहे का बघा.
२. त्यांचं नाव कुठल्या रेशन कार्डावर आहे ते शोधा.
३. वय ७० पूर्ण असेल, तर वय वंदना कार्ड काढून त्याचा फोटो घरातल्या दोघातिघांच्या मोबाइलवर ठेवा.
४. घराजवळची अंगीकृत रुग्णालयं कोणती आणि हृदयरोग, मेंदूविकार, हाडं या विभागांसाठी त्यातली कोणती चालतात, ते लिहून ठेवा.
५. १५५३८८ आणि १४५५५ हे दोन क्रमांक सेव्ह करा.

एवढं झालेलं असेल, तर रात्री अकरा वाजता काउंटरवर "मेडिक्लेम आहे का?" असं विचारल्यावर कार्ड पुढे करून एकच प्रश्न विचारायचा, "आरोग्यमित्र कुठे बसतात?"